मोटारीतला उजवा कौल

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता पालवणवाडीच्या चढावर शे-दीडशे माणसं एका पांढऱ्या मोटारीला वेढा घालून उभी होती. मोटारीचं इंजिन चालू होतं, पण मोटार कुठे जात नव्हती. बोनेटवर हळद-कुंकवाचा थर, वायपरना झेंडूच्या माळा, आणि पुढच्या बंपरवर इतके नारळ फुटलेले की नंबर प्लेटवरचा एक आकडा कायमचा गेला होता. मागच्या काचेवर लाल अक्षरांत ‘श्री दर्पणेश्वरी प्रसन्न’ लिहिलेलं होतं. त्याच्या बरोब्बर खाली आधीच्या मालकाने चिकटवलेली कुठल्याशा व्यायामशाळेची जाहिरात होती, ‘तीन महिन्यांत फरक बघा’.

“दिला! आईनं उजवा दिला!”

मोटारीच्या डाव्या दारातून दमयंती बाहेर पडली ती पदराने डोळे पुसतच. ही आमची शेजारीण. काजूच्या कारखान्यात कामाला असते आणि गावातली कुठलीही बातमी आधी तिच्याकडे येते, मग घडते.

“काय विचारलंस गो?” गर्दीतून एकीने विचारलं.

“जुना फ्रीज काढून टाकू काय म्हनून विचारलं. आईनं लगेच उजवा दिला! झाकान कसं सर्रकन गेलं, आनी आतला दिवा पेटला! माझ्या अंगावर काटा आला, बग हात लावून.”

बाईने हात लावून बघितला. काटा होता म्हणे. आणखी चौघीजणींनी बघितला. फ्रीज विकायला जगन्मातेला तसदी द्यावी लागते हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या बाजूची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे देवीला कौल लावतात. देवळात गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न जमवायचं, विहीर खणायची, मुंबईला जायचं, सगळं यावर ठरतं. मी लांज्याच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पाकळी पडते ती पाणी सुकल्यामुळे, हे दरवर्षी मुलांना सांगितलं. मुलं पेपरात तसंच लिहायची आणि पेपराच्या आदल्या दिवशी पास होऊ का म्हणून पाकळ्या लावून यायची.

तर अशा मुलखात एखादी वस्तू आपली आपण उजवीकडे सरकली की लोकांचे हात आधी जोडले जातात, विचार नंतर कधीतरी. हे बाळाने बरोबर हेरलं होतं.

बाळा म्हणजे आता बाळाबुवा. मुंबईत जुन्या गाड्यांची दलाली करायचा. एक दिवस ही पांढरी मोटार घेऊन गावी आला आणि म्हणाला, हिच्यात देवी आहे. मोटारीत पुढच्या सीटवर डोक्यासमोर ऊन अडवायला एक दुमडणारी फळी असते, गॅरेजवाले तिला वायझर म्हणतात. त्या फळीच्या पोटात तोंड बघायला छोटा आरसा आणि आरशावर सरकतं झाकण. झाकण उघडलं की वर एक दिवा लागतो. एवढंच ते प्रकरण. पण बाळाच्या मोटारीतलं झाकण हात न लावता सरकायचं. प्रश्न विचारला की उजवीकडे सरकून आरसा उघडायचा आणि दिवा पेटायचा, तो उजवा कौल. जागचं हललंच नाही तर डावा.

“या, या, बसा आईच्या मांडीवर!” ड्रायव्हरच्या सीटवरून बाळाचा आवाज चालूच असायचा. भगवी कफनी, डोळ्यांवर काळा चष्मा, डाव्या हातात मोरपिसांचा झुबका. “सीटबेल्ट लावायची गरज नाय, आई बसलीय! प्रश्न एकच. हो की नाय, एवढाच. आईला पाल्हाळ आवडत नाय, तिला पुढची गिऱ्हाइकं... आपलं, भक्त हायत. मॉडेल जुनं म्हनून हसू नका. पॉवर वरून येते, पेट्रोलवर फक्त इंजिन!”

आणि लोक हसायचे, आणि हसता हसता हात जोडायचे. मी लांबून बघून घरी यायचो. गंमत वाटायची, खोटं कशाला सांगू. म्हशी विकतायत, विकू देत. माझ्या बापाचं काय जातं.

मग एका गुरुवारी संध्याकाळी माझी धाकटी बहीण विमला त्या सीटवर बसली, आणि माझी गंमत तिथे संपली.

विमलाला काचबिंदू आहे. दोनेक महिने तिला संध्याकाळी डोकं दुखायचं, उजव्या डोळ्याला कडेचं दिसेना. मी तिला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “उजव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नाही. डावा अजून चांगला आहे. डोळ्यातला दाब वाढतोय. पुढच्या मंगळवारी छोटं ऑपरेशन करून घेऊ. उशीर केलात तर डावाही जाईल.” थेंबांची बाटली दिली आणि एक छापील माहितीपत्रक दिलं. पत्रक मी शर्टाच्या खिशातल्या डायरीत घातलं.

विमला घरी आली आणि सुरीच्या भीतीने दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दमयंती तिला बुवाकडे घेऊन गेली. ऑपरेशन करू का? झाकण हललं नाही. डावा! आईच्या थेंबांनी गुण येईल का? झाकण सर्रकन उजवीकडे, दिवा लख्ख. बुवाने कसल्याशा पिवळट पाण्याची बाटली दिली आणि दवाखान्याचे थेंब बंद करायला सांगितले.

मी तिच्या घरी गेलो आणि भाषण ठोकलं. खरंच ठोकलं. कार्यकारणभाव, प्रयोग, निरीक्षण, सगळं काढलं. विमला शांतपणे तांदूळ निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “आप्पा, तू त्या मोटारीत बसलास कधी?”

“मी कशाला बसू?”

“मग तुला काय ठाऊक? मी बघितलंय. त्या दिव्याभोवती तेजाचं कडं होतं. लाल, पिवळं, निळं. गोल, इंद्रधनुष्यासारखं. देवीच्या फोटोत असतं ना मस्तकामागे, तस्सं. माझ्या या डोळ्यांनी बघितलं.”

मी ओरडलो. ती रडली. मी घरी आलो आणि तिच्या मुलीला फोन लावला.

सावनी, माझी भाची, चाकणला एका कारखान्यात नोकरी करते. तिथे मोटारींच्या आतले प्लॅस्टिकचे भाग बनतात. ती नेमकं काय करते ते मी कधी विचारलं नव्हतं, मामा लोक असं काही विचारत नाहीत. फोनवर मी तिला सगळी हकिगत सांगितली. ती मध्येच म्हणाली, “मामा, थांबा. झाकण आपोआप सरकतं? वायझरच्या आरशाचं?”

“हो. देवी सरकवते.”

पलीकडे ती एवढी हसली की मी फोन कानापासून लांब धरला. “मामा, मी शनिवारी येते. तोवर आईला दवाखान्याचेच थेंब घाला, माझी शपथ घाला, काहीही करा.”

शपथेवर विमलाने दोन्ही थेंब घालायचं कबूल केलं. बुवाची बाटली मी हळूच लांबवली आणि तिच्या जागी तशाच बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवलं. विज्ञानाच्या मास्तराने चोरी केली, लिहून ठेवा.

सावनी शनिवारी दुपारी आली आणि आईशी एका शब्दाने वाद घातला नाही. मला म्हणाली, “उद्या नुसतं बघायला जाऊ.” म्हणून त्या रविवारी, दमयंतीच्या फ्रीजचा निकाल लागला तेव्हा, आम्ही तिघं गर्दीत उभे होतो. विमला पदर सावरून, मी धुसफुसत, आणि सावनी एका जागी उभी न राहता मोटारीभोवती फिरत.

अर्धा तास फिरून ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मामा, तुम्ही इतके दिवस हे बघताय. उजव्या बाजूची चाकं कशावर आहेत?”

मी बघितलं. दोन्ही उजवी चाकं जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवलेली होती. मोटार डावीकडे चांगली कलली होती. म्हटलं, “चढ आहे, म्हणून लावले असतील.”

“चढासाठी दगड चाकाच्या मागे लावतात, खाली नाही. बरं, तो मोरपिसं कुठल्या हातात धरतो?”

“डाव्या.”

“आपल्याकडे डाव्या हाताने कुणी उदबत्ती तरी ओवाळतं का? आणि हा बुवा देवीला डाव्या हाताने पिसं लावतो, तरी कुणाला खटकत नाही. ती पिसं फळीच्या उजव्या टोकाला लागली की उजवा कौल, नाही लागली की डावा. मी अकरा कौल मोजले.”

मला लाज वाटली. इतके दिवस मी आधी नुसता हसलो, मग नुसता चिडलो, आणि हिने अर्ध्या तासात बघितलं.

“आता?” मी विचारलं.

“आता कौल लावू,” ती म्हणाली आणि समोर बसलेल्या फुलवालीकडून सुरंगीचा एक दाट गजरा घेऊन आली. येता येता तिने स्वतःच्या केसांचं रबर काढलं आणि गजऱ्यात कुठेतरी दडवलं.

“बुवा, मी बसू?” तिने दारातून विचारलं.

“ये, ये मुली! चाकनवरून आलीस ना? आईला सगळं ठाऊक असतं!” बाळा म्हणाला. चाकणचं त्याला आदल्या दिवशी दमयंतीने सांगितलं होतं. “विचार.”

“माते, मी नोकरी सोडून गावाला, आईजवळ येऊन राहू का?”

गर्दीत बायका हळहळल्या. एवढी गुणाची पोर. बाळाने मान डोलावली, “जय दर्पणेश्वरी, बोल माते, बोल” असं पुटपुटत मोरपिसांचा झुबका फळीच्या टोकाला टेकवला. इंजिनची धडधड, फळी किंचित थरथरली, आणि झाकण सर्रकन उजवीकडे गेलं. दिवा लागला. “उजवा!” सगळे ओरडले.

सावनीने हात जोडले. “बुवा, आईने एवढं दिलं, मी तिला गजरा वाहू?”

आता गजऱ्याला कोण नाही म्हणणार? बाळाने पिसांनी फळी परत वर टेकवली. तिचं उजवं टोक काचेच्या वरच्या मधल्या आकड्यात, म्हणजे हुकात, ‘टक्’ करून बसलं आणि झाकण आपलं आपण मिटलं. सावनीने मोठ्या भक्तिभावाने गजरा नेमका त्या आकड्याभोवती गुंडाळला. दोन वेढे, तीन वेढे. वेढ्यांच्या आत केसांचं रबर. मग तिने गर्दीला ऐकू जाईल असं विचारलं, “माते, आता एकच. हे बाळाबुवा खरे असतील तर उजवा दे.”

बाळा हसला. सोपा प्रश्न होता. पिसं टोकाला लागली. काही झालं नाही. त्याने पिसं जरा जोरात टेकवली. काही नाही. कफनीच्या बाहीतून त्याची बोटं बाहेर आली आणि गजऱ्याशी झटू लागली. सुरंगीच्या कळ्या सीटवर टपटप पडल्या. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. मोटार किंचाळली, मागून काळा धूर आला, सगळी फळी तापाने कापणाऱ्या माणसासारखी कापायला लागली, आणि झाकण मात्र डाव्या टोकाला चिकटून घट्ट बसलं.

“आई जरा... आई विचार करतेय,” बाळा म्हणाला. त्याचा काळा चष्मा घामाने नाकावर घसरला होता.

दमयंतीनेच पहिली बोंब मारली. “डावा! आईनं बुवाला डावा दिला!”

“डावा! डावा!” चढावर एकच गलका झाला. मला वाटलं, संपलं, जिंकलो. पण माणसांचं मन किती तरबेज असतं बघा. दमयंती कमरेला पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, “मंग बुवाच खोटा! देवी खरी हाय, म्हनूनच तिनं त्याला डावा दिला. ए बाळा, उतर खाली. मोटार गावाची!”

“उतर, उतर!” लोक म्हणाले. म्हणजे चोर पकडला आणि चोरीचा माल देव्हाऱ्यात ठेवला, अशी आमची प्रगती. मी कपाळाला हात लावला.

सावनी मात्र हसत होती. “दमयंतीमावशी, बुवा उतरलेच आहेत तर त्यांच्या जागी तुम्ही बसा. आज देवी तुम्ही.”

“मी? शिवशिव!”

“बसा हो. आज प्रश्नबिश्न काही नाही.”

बाळाला खाली खेचलं होतंच. दमयंती दबकत ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सावनीने गजरा सोडला, त्यातलं रबर सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, “देवीने डावा नाही दिला, या रबराने दिला. आता ही फळी मधल्या आकड्यातून हळूच काढा मावशी. एका बोटाने.”

दमयंतीने बोट लावलं. फळीचं टोक आकड्यातून सुटून बोटभर खाली आलं. झाकण सर्रकन उजवीकडे गेलं, दिवा लागला.

“अगो बाय!”

“आता परत आकड्यात अडकवा.”

टक्. झाकण डावीकडे, दिवा बंद. दमयंतीने पुन्हा काढलं, पुन्हा अडकवलं. उजवा, डावा, उजवा, डावा. तिसऱ्या खेपेला तिच्या चेहऱ्यावरची भक्ती कमी होऊन मजा दिसायला लागली. “ह्ये तर माझ्या मिसळनाच्या डब्याच्या झाकनासारखं हाय! डबा कलला की सरकतं!”

“तसंच आहे,” सावनी म्हणाली आणि मग ती वायझरसमोर उभी राहून शांतपणे बोलली. तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात मला इतकं सोपं बोलता आलं नाही.

“मी ज्या कारखान्यात आहे तिथे हीच झाकणं बनतात. आरशाच्या वर आणि खाली दोन बारीक खोबणी असतात, त्यांत झाकण सरकतं. दोन्ही टोकांना मुगाच्या दाण्याएवढा एकेक उंचवटा असतो. झाकण त्यावर अडकून बसतं, म्हणून गाडी खड्ड्यात आपटली तरी ते उघडत नाही. आमच्याकडे मशीन एकेक झाकण हजारो वेळा उघडतं नि मिटतं. मग मी फळी तिरकी धरून बघते, आपोआप सरकतं का. सरकलं तर ते रिजेक्टच्या पेटीत टाकते. माझा पगार त्याचाच आहे. आता इथे बोट लावा. दोन्ही उंचवटे कानशीने घासलेत. आणि खोबणीत ही पांढरी पूड कसली?”

तिने बोट पुढे केलं. जवळच्या एकाने पूड दोन बोटांत चोळून बघितली. “ही तर कॅरमची पावडर!”

“बाळा, तू कॅरम चांगला खेळायचास,” मागून कुणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदा सगळे मोकळेपणाने हसले.

“उजवी चाकं चिऱ्यांवर, म्हणून मोटार डावीकडे कललेली. फळी आकड्यात असली की झाकण डावीकडेच राहतं. टोक सोडलं की फळी उजवीकडे उतरते आणि झाकण घसरतं. इंजिन चालू ठेवायचं, कारण थरथरीने झाकण अडत नाही. एवढंच. यात कोण उघडतं? उतार उघडतो. मामा, चिरे काढायचे का?”

चार जणांनी मोटार ढकलून सपाटीवर आणली. फळी आकड्यात अडकवलेली, झाकण जिथे ठेवावं तिथे राहू लागलं. डावीकडे ठेवलं तर डावा, उजवीकडे ठेवलं तर उजवा, मधे ठेवलं तर देवी पेचात. पोरंसोरं रांगा लावून स्वतःच कौल द्यायला लागली.

बाळा कुंपणाशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. मला ओरडायचं होतं. एवढंच म्हणालो, “माझ्या बहिणीला थेंब बंद करायला सांगितलेस. तिचा डोळा गेला असता रे.”

तो खाली बघत म्हणाला, “मास्तर, त्यांनाच ऑपरेशन नको होतं. तोंडावर दिसत होतं. मी फक्त त्यांच्या मनातलं दिलं.”

हेच त्याचं खरं कौशल्य होतं. झाकण कुणीही सरकवेल. माणूस कशाला घाबरलाय आणि त्याला काय ऐकायचंय, हे तो चेहऱ्यावरून वाचायचा. दमयंतीला नवा फ्रीज हवा होता, तिला उजवा. विमलाला सुरी नको होती, तिला डावा. अशा माणसांसाठी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याची ती पिवळट पाण्याची बाटली मी सोमवारी पोलिसांच्या टेबलावर ठेवली.

पण त्याआधी, रविवारी दुपारी विमला घरी आली ती आपल्याच विचारात. सावनीने पाय धुवायला पाणी दिलं तेव्हा ती म्हणाली, “झाकण खोटं. बाळा खोटा. समजलं. पण मी कडं बघितलं. दमयंतीला कडं दिसलं नाही, मला दिसलं. ते कुणी घासून केलं? मी ऑपरेशन करणार नाही.”

सावनीचा चेहरा उतरला. आरशाचं तिला सगळं ठाऊक होतं, याचं नव्हतं. मंगळवार परवावर आला होता. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि ऊन उतरत गेलं.

दिवेलागणीला विमला उठली, देवापाशी दिवा लावला आणि स्वयंपाकघरातला बल्ब लावून चहा ठेवला. तिने कपाळ दाबून धरलं होतं. सावनी तिच्याकडे बघत होती. अचानक तिने विचारलं, “आई, या बल्बकडे बघ. काय दिसतं?”

“काय दिसायचंय? बल्ब दिसतो.”

“त्याच्याभोवती?”

“त्याच्याभोवती ते आपलं... रंग दिसतात. चुलीच्या धुराने.”

“आई, गॅसवर चहा आहे. धूर कुठे आहे?”

सावनीने खिडकी उघडली, गॅस बंद केला, आईच्याच पदराने तिचे डोळे पुसले. “आता?”

“आहे,” विमला हळूच म्हणाली. “लाल, पिवळं, निळं. गोल आहे.”

“कधीपासून?”

“दोनेक महिने. डोकं दुखतं तेव्हा दिसतं.”

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. डॉक्टरीणबाईंचं पत्रक अजून डायरीतच होतं, घडीवर घामाचा डाग पडलेलं. मी ते उघडलं. ‘काचबिंदूची लक्षणे’ या मथळ्याखाली तिसरी ओळ होती. मी मोठ्याने वाचली, “दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे रंगीत वलय दिसणे. असे दिसल्यास त्वरित डॉक्टरांना सांगावे.”

तेवढे दिवस मी कार्यकारणभावावर भाषणं दिली होती आणि खिशातला कागद वाचला नव्हता. मी विमलाला तसं सांगितलं. तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली असेन.

विमला बल्बकडे बघत उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “म्हणजे हा आजार होता,” ती म्हणाली. “आणि मी त्याला नमस्कार करत होते.”

सावनीने तिला जवळ घेतलं. विमलाने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आप्पा, मंगळवारी किती वाजता निघायचं?”

मंगळवारी ऑपरेशन झालं. विमला घाबरली, सावनीचा हात तिने इतका आवळला की बांगडी फुटली, पण झालं. उजव्या डोळ्याचं गेलेलं परत आलं नाही, ते डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. डावा वाचला. पंधरा दिवसांनी दिवेलागणीला मी तिच्याकडे गेलो तर ती स्वयंपाकघरात बल्बखाली उभी होती, मान वर करून.

“काय बघतेस?”

“बल्ब,” ती म्हणाली. “नुसता बल्ब आहे.” आणि ती हसली.

बाळावर खटला चालू आहे. पांढरी मोटार पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे आणि तिच्या टपावर कोंबड्या बसतात. दमयंतीने नवा फ्रीज घेतला. चढावर जिथे मोटार उभी असायची तिथे ते दोन चिरे अजून पडलेत, येता-जाता लोक त्यांच्यावर टेकतात.

मला आता कुणी भाषणाला बोलावलं तर मी विमलाला पुढे करतो. मागच्या महिन्यात महिलामंडळाच्या हळदीकुंकवाला ती उभी राहिली, माईक उलटा धरला, कुणीतरी सुलटा करून दिला. ती एवढंच बोलली:

“बायांनो, काही नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी दोन गोष्टी करा. जवळ जाऊन नीट बघा, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. मी एका डोळ्याचं अर्धं देऊन हे शिकले. तुम्ही फुकट शिका. आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं ना, तर नारळ घेऊ नका. सकाळची पहिली एसटी पकडा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.”